मामांच्या पडवीतल्या विटा

मोडलेली वस्तू टाकून देणं हे माणूस मारण्याच्या खालोखालचं पाप आहे, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ माझ्या आयुष्यात आला, आणि तो नेमका सासरकडून आला. आमच्या हिचे मामा. शहापूरहून मुरबाडकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो, तिथून थोडं आत त्यांचं घर. उभी नोकरी त्यांनी वाशिंदच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. म्हणजे कोण किती वाजता आला आणि कोण किती वाजता सटकला हे बघण्यात. रबराशी किंवा कुठल्याही चिकट पदार्थाशी धंद्याने त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण लाकूड मोडलं तर खिळा आहे, लोखंड तुटलं तर वेल्डिंग आहे, कापड फाटलं तर सुई आहे, आणि रबराला मात्र या जगात कोणी वाली नाही, हे दुःख त्यांना सतत टोचत असे. तो वाली आपण व्हायचं, असं त्यांनी बहुधा वाशिंद स्टेशनावर कसारा गाडीची वाट बघता बघता ठरवलं असावं. पुढचं सगळं त्यातून झालं.

लग्नानंतरचं माझं पहिलं जेवण त्यांच्याकडे होतं. नवा जावई म्हणून मी ठेवणीतल्या चपला घालून गेलो होतो. मामींनी पान वाढलं, पण मामा पानावर नव्हते. “हे येतील मागून, तुमी सुरू करा,” मामी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरच्या दुःखाचा अर्थ मला हात धुऊन बाहेर आल्यावर कळला. मामा माझी डावी चप्पल मांडीवर घेऊन बसले होते. “जावईबापू, तळ बोलत होता. गप केला,” ते म्हणाले. तळ खरंच गप झाला होता, फक्त गप होताना त्याने खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा अख्खा कागद सोबत घेतला होता. मामांनी तो ओढून पाहिला, कडेने फाडून पाहिला आणि शेवटी म्हणाले, “चालता चालता निघंल.” फाट्यापर्यंत मी तो कागद फरफटत नेला. एस.टी.त कंडक्टरने वाकून मथळा वाचला आणि “आजचाच हाय का?” असं अगदी अदबीने विचारलं. शहापूरच्या स्टँडवर उतरताना तळ चपलेपासून सुटला. कागद मात्र तळाला तसाच घट्ट होता. पुढच्या भेटीत मी ही हकीकत सांगितली तेव्हा मामा जराही खजील झाले नाहीत. “कागदाला धरलं ना? म्हंजे गोंदात दोष नाय. तुमच्या रबराचं मन नव्हतं,” ते म्हणाले आणि माझ्या नव्या चपलांकडे बघू लागले. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जाताना चपला पिशवीत घालून घरात नेत असे.

गोंद निवडण्याची त्यांची रीत जगावेगळी होती. दुकानात गेलेला माणूस विचारतो, हे कशाला चिकटतं? मामा विचारत, “हे कशाकशाला चिकटत नाय ते सांगा. गुन कोनी पन सांगतो.” शहापूरच्या बाजारातला हार्डवेअरवाला त्यांना लांबून येताना बघितलं की दुकान उघडं टाकून समोर चहा प्यायला निघून जाई. मुरबाडचा दुकानदार मवाळ होता, तो बिचारा बसून ऐकत असे. मामा डब्याचं झाकण उघडून वास घेत, अंगठा आणि बोट यांच्यात थेंब धरून तार काढून बघत, आणि पाकाची परीक्षा करणाऱ्या बाईसारखे “एकतारी हाय, आजून पायजे,” असं म्हणत. सुताराचा पांढरा गोंद, सायकलवाल्याचं सोल्यूशन, चांभाराकडचं पिवळं सोल्यूशन, दोन ट्यूबा सारख्या पिळून कालवायचा तो प्रकार, सगळं त्यांच्याकडे होतं. एका थेंबात लोखंड जोडणाऱ्या एका औषधाने त्यांचा अंगठा आणि तर्जनी जुळून बसली, तेव्हा अख्खा दिवस ते भेटेल त्याला ‘झकास’ अशी खूण करत गावभर हिंडले. एका वैशाखात तर त्यांनी फणसाच्या चिकावर भिस्त ठेवली होती. “रबर झाडाचं, चीक पन झाडाचा. एका रक्ताचे हायेत,” हा त्यामागचा विचार. रक्त एक असूनही ते जुळलं नाही आणि घरात मुंग्या मात्र पावसाळ्यापर्यंत पुरल्या.

पण खरी परीक्षा पडवीत चाले. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घ्यायची, तिचे दोन तुकडे करायचे, ते गोंदाने जोडायचे, वरचं टोक पडवीच्या आडव्या बांबूला बांधायचं आणि खालच्या टोकाला एक वीट टांगायची. जितके गोंद तितक्या विटा. प्रत्येक विटेवर खडूने गोंदाचं नाव. त्यामुळे त्या घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला कमरेत वाकूनच जावं लागे. पोस्टमन अंगणातूनच हाक मारी. निवडणुकीच्या दिवसांत मतं मागायला आलेला एक उमेदवार तर दारापासून मोरीपर्यंत वाकलेलाच राहिला; मामांना वाटलं, माणूस नम्र आहे, आणि त्यांनी त्याला मत दिलं. न वाकणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मामी. विटा बरोबर त्यांच्या कपाळाशी येत. त्या डोक्यावरचा हंडा सावरत समोरची वीट हाताने बाजूला लोटत आणि ताठ निघून जात. वीट झोके घेऊ लागे आणि मामा धावत येऊन तिला दोन्ही हातांनी धरत. “हलवू नको गो, परीक्षा चालू हाय.” “माझं घर हाय,” मामी आतून म्हणत, “मी वाकनार नाय.” त्या घरात हे संभाषण चुलीइतकंच रोजचं होतं.

जेवता जेवता मधेच पडवीत ‘धप्प’ असा आवाज येई. मामा हातातला घास खाली ठेवत, बाहेर जाऊन विटेवरचं नाव वाचत आणि परत येऊन हलक्या आवाजात सांगत, “डिंक गेला.” मग त्यांना जेवण जात नसे. “जेवा आता, सुतक नाय लागत,” असं म्हणून मामी त्यांच्या पानात आमटी वाढत. अशा रीतीने डिंक गेला, राळ गेली, पांढरा गोंद गेला, दोन ट्यूबांचा प्रकार दिवाळीला जेमतेम पोचून गेला. मामा दुसऱ्या दिवशी नवी पट्टी कापायला बसलेले असत. इतक्या वेळा हरूनही इतका प्रसन्न राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी चालला होता तो फ्रीज स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. कल्याणहून आणलेला, कोणाचा तरी जुना, पण मामींच्या लेखी कोरा. त्याच्या दाराभोवतीचं रबर वरच्या बाजूने सुटून जिभेसारखं बाहेर आलं होतं आणि गार वारा आत कमी, घरात जास्त येत होता. वाशिंदचा मेकॅनिक येऊन नवीन रबर घाला म्हणाला. मामांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. “रबर बदलायचं नसतं, जोडायचं असतं,” हे त्यांचं उत्तर. तोवरची सोय म्हणून त्यांनी स्कूटरची ट्यूब कापून तिचा पट्टा फ्रीजच्या कमरेला आवळला होता. पाण्याची बाटली हवी असेल तर एकाने पट्टा ओढून धरायचा, दुसऱ्याने दार गुडघ्याने तोलायचं आणि तिसऱ्याने हात घालायचा. उन्हाळ्यात त्या घरी पाहुणा आला की आधी माणसं मोजत, मग गार पाणी विचारत.

आता सुमनबद्दल सांगायला हवं. सुमन ही मामांची एकुलती एक लेक, मुरबाडच्या दवाखान्यात नर्स. रोज फाट्यावरून एस.टी.ने जाणारी-येणारी, स्वभावाने मामींवर गेलेली. तिच्या बरोबरीच्या पोरींची पोरं शाळेत जाऊ लागली तरी तिचं जमत नव्हतं, कारण मामा मुलगेही गोंदासारखेच पारखत. एकाला ते म्हणाले, “लवकर सुकनारा हाय.” दुसऱ्याला, “दिसायला घट्ट, पन पान्यात सोडील.” प्रत्येक मुलाला चहा झाल्यावर एकच प्रश्न असे: “वाटंत चपलेचा अंगठा तुटला तर काय कराल?” नवी घेईन म्हणणारा तिथेच संपला. पिन लावीन म्हणणाऱ्याला दुसरा कप चहा मिळाला, मुलगी नाही. भिवंडीकडचं एक स्थळ सगळ्यांच्या मनात भरलं होतं, पण मुलाच्या मामाच्या पायापाशी सायकलवाल्याच्या सोल्यूशनची वीट पडली आणि ती मंडळी पोहे अर्धे टाकून गेली. त्या दिवशी मामी प्रथमच रडल्या. “तुमाला गोंद सापडत नाय आन् जावई पन सापडत नाय. माझी पोर त्या विटांसारखी लोंबत ठेवली तुमी,” त्या म्हणाल्या. मामा तुटलेल्या पट्टीकडे बघत राहिले.

मग एका रविवारी सुमन आमच्याकडे शहापूरला आली आणि हिला म्हणाली, “ताई, मुरबाडच्या शाळेत एक मास्तर हायेत. वसंत नाव. त्यांच्या घरची बघायला येतील. बाबांनी ह्यांना पन नाय म्हटलं तर मी दुसरं कोन बघनार नाय. मग बसू दे मला जलमभर घरी.” पोरगी बोलल्यासारखी वागणारी होती. ही घाबरली आणि तिने ते काम माझ्यावर सोपवलं: मामांनी विटा उतरवायच्या, फ्रीजचा पट्टा काढायचा आणि गोंदाचं नाव तोंडातून काढायचं नाही. मी भीत भीत गेलो. आश्चर्य म्हणजे मामांनी सगळं कबूल केलं. विटा त्यांनी स्वतः उतरवल्या, एक सोडून. ती चांभाराकडच्या पिवळ्या डब्याची होती, गेल्या पावसाळ्याआधीपासून लटकत होती आणि पडायचं नाव घेत नव्हती. तिच्याकडे बघताना मामांचा आवाज घोगरा झाला. “जावईबापू, सापडला. पाव्हने यायच्या आदी फ्रीज करून टाकतो. सुमनला सांगा, शब्द हाय माझा.”

पाहुणे रविवारी दुपारी यायचे होते. शनिवारी मामींनी चक्का टांगून श्रीखंड केलं, मोठ्या पातेल्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलं, त्याच्या शेजारी पेढे, आणि सुमनच्या केसांत माळायचा गजरासुद्धा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. संध्याकाळी मामा डबा घेऊन बसले. रबराच्या पाठीला लावलं, दाराच्या कडेला लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू दिलं, सगळं यथासांग. शिवाय वाटलं, मुलीच्या कामाला हात कशाला आखडता घ्यायचा, म्हणून आणखी एक जाड हात फिरवला. रबर नीट दाबून बसायला चारी बाजूंनी सारखा भार हवा. दाराच्या मापाची दुसरी वस्तू जगात कुठली? फ्रीजच. म्हणून त्यांनी दार लावलं, वरून ट्यूबचा पट्टा आवळला आणि समाधानाने झोपले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पडवीतल्या त्या विटेपलीकडे आजवर त्यांचा एकही गोंद टिकला नव्हता, त्यामुळे चिकटलं तर पुढे काय होतं याचा त्यांना अनुभवच नव्हता.

रविवारी आम्ही दोघं पोचलो तेव्हा मामी चुलीपाशी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या, सुमन दाराआड उभी होती आणि मामा सोडलेला पट्टा हातात घेऊन फ्रीजसमोर उभे होते. इतका आनंदी चेहरा मी त्यांच्या लेकीच्या लग्नातसुद्धा नंतर पाहिला नाही. बाहेर ओघळलेल्या त्या पिवळ्या औषधाने रबर दारालाही धरलं होतं आणि फ्रीजलाही. “बघा, वढून बघा तुमी,” ते मला म्हणाले. मी ओढलं. दार हललं नाही, फ्रीज माझ्याकडे आला. इतक्यात अंगणात जीप थांबली.

वसंताचे वडील, चुलते, आई आणि तो स्वतः, अशी मंडळी वाकून आत आली. मामांनी नमस्कार केला, पाणी विचारलं आणि मग त्यांना राहवलं नाही. दिलेला शब्द विसरून ते वसंताच्या वडिलांचा हात धरून त्यांना फ्रीजपाशी घेऊन गेले. “तुमी पन वढून बघा.” वडील शेतकरी गडी, औताला जुंपल्यासारखे भिडले. मूठ त्यांच्या हातात आली. मग चुलत्यांनी मागून फ्रीज कवटाळला, मी बाजूने धरला आणि वडिलांनी फटीत बोटं घालायचा प्रयत्न केला. फ्रीज स्वयंपाकघरातून निघून पडवीच्या उंबऱ्यापर्यंत आला. आत पातेलं इकडून तिकडे जात असल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला मामी डोळे मिटत होत्या. चुलते म्हणाले, पट्टी घालून कापा. वडील म्हणाले, रॉकेल सोडा. मामा दोघांकडे अशा नजरेने बघत होते की ही सोयरीकही गेली, हे मला स्वच्छ दिसलं. दाराआडून सुमन बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते बरं लक्षण नव्हतं.

वसंत एवढा वेळ बाजूला उभा होता. किडकिडीत माणूस, गप्प. मामा एकदम त्याच्याकडे वळले आणि त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला, “मास्तर, वाटंत चपलेचा अंगठा तुटला तर काय कराल तुमी?”

वसंताने थोडा विचार केला. “दुसरी पन काढून हातात घेईन,” तो म्हणाला, “आन् चालत जाईन.”

मामांना हे उत्तर कुठे बसवावं ते कळेना. “आन् ह्याचं काय करायचं?” त्यांनी फ्रीजकडे बोट दाखवलं.

“ऱ्हाऊ द्या ना, काका. सुमन सांगते, तुमी किती वर्सं लागला त्याच्यामागं. आता चिकटलंय तर कशाला सोडवायचं? घरात गूळ-शेंगदाने असतील तर ते द्या. आमी काय श्रीखंड खायला नाय आलो.”

मामा फ्रीजसमोर गेले आणि त्यांनी दाराच्या कडेवरून तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत, चारी बाजूंनी. लहान मूल झोपलं का बघावं तसा. मग ते आत गेले आणि मामींची सुरी घेऊन आले. “काका, नको,” वसंत म्हणाला. मामा ऐकत नव्हते. ती वीट सोडली तर आयुष्यात त्यांचा एकच जोड लागला होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने, खाली बसून, सावकाश कापला. रबर तुटेना. घाम त्यांच्या नाकावरून ठिबकत होता. “सोडत नाय बघा,” ते मधेच थांबून म्हणाले, आणि त्यांचा चेहरा अभिमानाने फुललेला आणि रडवेला असा दोन्ही होता. शेवटी दार उघडलं. श्रीखंड एका बाजूला कललं होतं, गजरा त्यात बुडाला होता आणि सगळ्याला पंक्चरच्या दुकानाचा वास येत होता. मामांनी पातेलं बाहेर काढून मामींच्या हातात दिलं आणि सुमनला हाक मारली, “ये गो बाहेर. पाव्हन्यांना वाढ.” आम्ही सगळ्यांनी ते श्रीखंड खाल्लं. वसंताने दोनदा घेतलं.

सुमन लग्न होऊन मुरबाडला गेली. फ्रीज त्यानंतर फ्रीज उरला नाही, मामांनी त्यात गोंदाचे डबे ठेवले. नव्या विटा मात्र टांगल्या नाहीत. पिवळ्या डब्याची ती एक वीट तेवढी राहिली. तो डबा पुन्हा कुठे मिळाला नाही, चांभारानेही दुसराच आणायला सुरुवात केली होती. पुढे मामा अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही भेटायला गेलो की ते आधी खुणेने पडवीकडे बोट करत. “हाय का?” “हाय, मामा,” मी म्हणत असे, आणि मग ते बाकीची चौकशी करत. ते गेले तेव्हाही ती लटकतच होती. दिवसकार्य उरकल्यावर घराला चुना लावायचा होता म्हणून सुमनने ती उतरवली. जोड सुटेना. तिने पट्टी जोडाच्या वरून कापली, वीट तशीच पदरात धरली आणि मुरबाडला घेऊन गेली.

परवा मी मामींकडे गेलो होतो. पडवी मोकळी आहे, बांबूही काढला आहे, आता कोणीही सरळ चालत आत जावं. मी सवयीने वाकलोच आणि मनाशी हसलो. तेवढ्यात मामी विहिरीवरून पाणी घेऊन आल्या. या बाईने सगळा संसार त्या विटांसमोर ताठ मानेने काढला होता. त्या पडवीच्या मध्यावर आल्या, जिथे ती शेवटची वीट असायची तिथे थांबल्या, डोक्यावरचा हंडा दोन्ही हातांनी धरला आणि गुडघ्यात वाकून, अगदी बेताने, काहीही हलणार नाही अशा बेताने, खालून निघून गेल्या.